उद्याचा समुद्र आज कसा ओळखावा: गणपतीपुळ्याला पाण्यात उतरण्याआधी

गणपतीपुळ्याला जायचं ठरलं की बहुतेक घरांत मोबाईलवर एकच गोष्ट बघितली जाते: पाऊस आहे का? पाऊस नसला आणि जिल्ह्याचा रंग हिरवा दिसला की समुद्रही शांतच असणार, असं धरून पोरांचे पोहण्याचे कपडे पिशवीत जातात. पण लाटेला आपल्या डोक्यावरच्या ढगाशी काही देणंघेणं नसतं. ती सहा हजार किलोमीटरवरून आलेली असू शकते, आणि तिच्यामागून ओहोटी लागली तर निळ्या आकाशाखालीही कमरेएवढ्या पाण्यातला माणूस आत ओढला जातो. म्हणून समुद्राचा अंदाज वेगळा बघावा लागतो. आदल्या संध्याकाळी दहा मिनिटं आणि सकाळी पुळणीवर वीस मिनिटं, एवढ्यात तो येतो.

इशारा कशाचा आहे ते आधी वाचा

हवामान खात्याचा जिल्ह्यासाठीचा पिवळा, केशरी किंवा लाल रंग हा मुख्यतः पाऊस, विजा, वादळी वारा आणि उष्णता यांचा असतो. समुद्रासाठी दोन वेगळ्या गोष्टी उघडाव्या लागतात. एक, हवामान खात्याचाच मच्छीमारांसाठीचा इशारा. त्यात कोकण किनाऱ्यावर वारा किती आणि समुद्रात जावं की नाही हे लिहिलेलं असतं. दुसरी, हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज. उंच लाटांचे आणि दुरून येणाऱ्या लाटांच्या उधाणाचे इशारे हीच संस्था देते आणि तिच्या 'समुद्र' या अ‍ॅपवरही ते मिळतात. जिल्हा हिरवा आणि लाटांचा इशारा लागू, असं एप्रिल-मेमध्ये सहज घडतं. त्या दिवशी रंग बघून गेलेला माणूस फसतो.

या इशाऱ्यांत वेळ पुष्कळदा १७:३० किंवा २३:३० अशी असते. अंदाज काढणारी गणितं जागतिक वेळेवर दर सहा तासांनी मांडतात, त्यात आपले साडेपाच तास मिळवले की अशा वेळा येतात. दुसरं एखादं अ‍ॅप किंवा उपग्रहाचं चित्र बघत असाल तर वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक, आहे की भारतीय, हे आधी तपासा. साडेपाच तासांची चूक म्हणजे भरतीच्या जागी जवळजवळ ओहोटीच.

समुद्राच्या स्थितीचे शब्दही मोजमापाचे असतात. 'स्लाइट' म्हणजे अर्धा ते सव्वा मीटर, 'मॉडरेट' म्हणजे सव्वा ते अडीच, 'रफ' म्हणजे अडीच ते चार आणि 'व्हेरी रफ' म्हणजे चार ते सहा मीटर. यातल्या 'मॉडरेट'चा मराठीत 'मध्यम' असा अर्थ लावून निश्चिंत होऊ नका. हा शब्द होड्यांसाठी आहे. अडीच मीटरची लाट पुळणीवर फुटते तेव्हा तिच्यात मध्यम असं काही नसतं.

उंचीपेक्षा सेकंद महत्त्वाचे

लाटेच्या अंदाजात तीन आकडे असतात: उंची, कालावधी आणि दिशा. लोक उंची बघून थांबतात. ही उंचीसुद्धा सगळ्यात मोठ्या लाटेची नसते, ती सर्वांत मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी असते. १ मीटर लिहिलेलं असलं तरी दिवसभरात एखादी लाट पावणेदोन-दोन मीटरची येणार, हे त्यातच धरलेलं आहे.

कालावधी म्हणजे एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या लाटेच्या माथ्यापर्यंतचे सेकंद. ४ ते ७ सेकंद असतील तर ती जवळच्या वाऱ्याने उठवलेली लाट. दिसायला खळबळ फार, पण अंगात जोर कमी. १२ ते १८ सेकंद असतील तर ती दुरून आलेली लांब लाट, म्हणजे स्वेल. लाटेबरोबर येणारा जोर उंचीच्या वर्गाने आणि कालावधीच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे १ मीटर आणि ६ सेकंदांच्या लाटेपेक्षा १ मीटर आणि १५ सेकंदांची लाट अडीचपट जोर आणते, आणि अ‍ॅपवर दोन्हींची उंची सारखीच दिसते. शिवाय खोल समुद्रात लांब लाट जवळजवळ सपाट असते. ती उथळ पाण्यात शिरल्यावरच उभी राहते. क्षितिजाकडे बघून समुद्र शांत वाटतो आणि पायाशी मात्र लाट धाडकन पडते, त्याचं कारण हे.

दिशेचा आकडा लाट कुठून येते ते सांगतो. २०० ते २२० अंश असेल तर ती दक्षिण-नैऋत्येकडून, बहुतेकदा दक्षिण महासागरातल्या वादळांतून निघालेली. १५ सेकंदांच्या लाटांचा समूह दिवसाला साधारण हजार किलोमीटर चालतो, म्हणजे तिकडे वादळ झाल्यावर सहाएक दिवसांनी ती कोकणात पोचते. एप्रिल-मे हा तिचा हंगाम. केरळात अशा अचानक चढणाऱ्या समुद्राला 'कल्लक्कडल' म्हणतात, चोरपावलांनी येणारा समुद्र. ३०० ते ३२० अंश असेल तर लाट वायव्येची. फेब्रुवारी-मार्चमध्ये अरबस्तानाच्या बाजूला शमाल वारे सुटले की त्यांच्या लाटा इथवर येतात, त्या ६ ते ८ सेकंदांच्या असतात.

पोहायला न येणाऱ्या घरच्या माणसांसाठी आमचा हिशोब असा: उंची ०.७ मीटरपर्यंत आणि कालावधी ८ सेकंदांच्या आत असेल, तर भरती चढत असताना मांडीपर्यंत पाण्यात खेळायला हरकत नाही. उंची १ मीटर आणि कालावधी १२ सेकंद किंवा जास्त असेल तर घोट्याच्या पुढे नाही. दीड मीटर किंवा त्यावर काहीही असेल तर कोरड्या वाळूवर. लाट तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट-दीडपट खोलीत फुटते. म्हणजे १ मीटरची लाट ज्या पाण्यात फुटते, ते बहुतेक मोठ्या माणसांच्या छातीला लागतं आणि दहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावरून जातं.

वारा: सकाळी मतलई, दुपारी खारा

पावसाळा सोडला तर इथल्या वाऱ्याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा. तो लाटेचा माथा धरून ठेवतो आणि पाणी आरशासारखं दिसतं. साधारण अकरा-बारानंतर समुद्रावरून खारा वारा सुरू होतो, दुपारी तीन ते पाच त्याचा भर असतो, दिशा वायव्य ते पश्चिम. ताशी २० किलोमीटरच्या आसपास गेला की समुद्रावर जागोजागी पांढरे फेस दिसू लागतात. त्याच्या आखूड लाटा आधीच्या लांब लाटांवर चढतात, आणि मग कोणती लाट कुठे फुटेल ते सांगता येत नाही. अंदाजात वारा नॉटमध्ये असेल तर १.८५ने गुणा, ताशी किलोमीटर येतात.

मतलई वारा गोड वाटतो, पण फुगवलेलं टायर किंवा रबरी गादी घेऊन उतरणाऱ्यासाठी तोच वाईट. पाण्यावर तरंगणारी हलकी वस्तू तो थेट खोल पाण्याकडे नेतो. अशी खेळणी पुळणीवर आणूच नयेत.

भरती-ओहोटी: दिनदर्शिकेवरून

नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यातच बघावी. पण तक्ता हाताशी नसेल तेव्हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब पुरतो: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला ४ × ३/४ = ३, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला १५ × ३/४, म्हणजे सव्वाअकरा. त्याच्या आगेमागे सहा-सव्वासहा तासांवर पूर्ण ओहोटी. हा हिशोब शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना चालतो. तो ढोबळ आहे, तासाभराचा फरक पडतो. भरती आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे रत्नागिरीकडे ती मुंबईच्या आधी येते. मुंबईचा तक्ता बघून गणपतीपुळ्याचा बेत आखू नका.

पाणी किती चढतं-उतरतं तेही जागेवर ठरतं. मुंबईत उधाणाला हा फरक साडेचार मीटरच्या घरात जातो, रत्नागिरीकडे साधारण दोन ते अडीच मीटर, पुढे गोव्याकडे आणखी कमी. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी उधाण भरात असतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी सुस्त असतं. हा फरक सहा तासांत सारखा वाटला जात नाही. बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. २.४ मीटरच्या ओहोटीत मधल्या दोन तासांतच १.२ मीटर पाणी उतरतं. ओढ सर्वांत जास्त असते ती या दोन तासांत.

आता हेच संकष्टीला लावून बघा, कारण गणपतीपुळ्याला सर्वांत जास्त माणूस त्याच दिवशी येतो, अंगारकीला तर विचारूच नका. कृष्ण चतुर्थी, म्हणजे पौर्णिमेनंतर तीन-चार दिवस, उधाणाचा जोर अजून पुरता ओसरलेला नसतो. पूर्ण भरती दुपारी दोन ते तीन. पुढची पूर्ण ओहोटी रात्री आठ-नऊला, म्हणजे चंद्रोदयाच्या सुमारास. चंद्रोदयाची वेळ तर उपास सोडायचा म्हणून प्रत्येक घरात पाठ असते. त्यातून तीन तास वजा करा. चंद्रोदय नऊला असेल तर सहा, किंवा थोडं अलीकडे. त्या वेळी ओहोटी सर्वांत जोरात असते. दर्शन, जेवण, थोडी झोप उरकून माणसं सूर्यास्त बघायला आणि पाण्यात उतरायला येतात ती नेमकी याच वेळी. वरून दुपारच्या खाऱ्या वाऱ्याने लाटा वाढलेल्या असतात, आणि किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे मावळतं ऊन सरळ डोळ्यांत येतं, पाण्याचा रंग कळत नाही. संकष्टीला पाण्यात उतरायचंच असेल तर सकाळी दहा ते दुपारी एक, भरती चढत असताना. चार वाजल्यानंतर नाही.

दिनदर्शिकेवरची तिथी सूर्योदयाची असते आणि ती मध्येच संपूही शकते, हे लक्षात ठेवा. दुसरं, दिवसातल्या दोन्ही भरत्या सारख्या नसतात. पावसाळ्यात दिवसाची भरती मोठी असते, हिवाळ्यात रात्रीची.

एक अंदाज वाचून बघू

समजा उद्याचा अंदाज असा आहे: उंची १.१ मीटर, कालावधी १४ सेकंद, दिशा २०५ अंश, वारा सकाळी पूर्वेचा ताशी ८ किलोमीटर, दुपारी वायव्येचा ताशी २४, पाऊस नाही, तिथी कृष्ण चतुर्थी. उंची बघणारा म्हणेल, मीटरभर तर आहे. सेकंद बघणारा म्हणेल, दक्षिणेची लांब लाट आहे, दर काही मिनिटांनी चार-पाच मोठ्या लाटा एकामागून एक येतील आणि त्यांचं पाणी परत जाताना ओढेल. सकाळी समुद्र देखणा दिसेल. दुपारी तीनपासून ओहोटी आणि वारा एकत्र येतील. निर्णय: सकाळी वाळूवरून फिरणं, पाय भिजवणं. संध्याकाळी सूर्यास्त कोरड्या वाळूवरून.

महिन्यांचा स्वभाव

जून ते ऑगस्ट हा प्रश्नच नाही. नैऋत्य मोसमी वाऱ्यात रत्नागिरीसमोर खोल पाण्यात लाटा तीन ते पाच मीटरपर्यंत जातात. यांत्रिक मासेमारीही १ जून ते ३१ जुलै बंद असते. ज्या पाण्यात मच्छीमार जात नाही, तिथे पर्यटकाने उतरायचं कारण नाही.

खरा धोका सप्टेंबर-ऑक्टोबरचा. पाऊस थांबलेला, पाणी निवळलेलं, सुट्ट्या लागलेल्या. पण पावसाळ्यात किनाऱ्याची वाळू आत ओढली गेलेली असते. तिचे पाण्याखाली बांध झालेले असतात आणि बांधांमधून खोल खळगे. ही वाळू हळूहळू परत येते, पुळण पुन्हा सपाट व्हायला काही महिने जातात. तोवर कमरेएवढ्या पाण्यात चालता चालता पुढचं पाऊल गळ्याएवढ्या पाण्यात पडू शकतं. त्यात ऑक्टोबर-नोव्हेंबर चक्रीवादळांचा हंगाम. २०१९च्या दिवाळीत क्यार हे चक्रीवादळ रत्नागिरीच्या पश्चिमेला समुद्रात तयार झालं आणि किनाऱ्यावर न येता पश्चिमेकडे निघून गेलं, तरी कोकण-गोव्याचा समुद्र खवळला होता. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र आहे एवढी बातमी दिसली तरी पाण्याचा बेत रद्द करा, ते कुठेही जात असो.

डिसेंबर ते मार्चची सकाळ सर्वांत भरवशाची. एप्रिल-मे, म्हणजे आगोट (पावसाळ्याचं तोंड) जवळ आली की, दक्षिणेच्या लांब लाटांकडे लक्ष ठेवायचं. ऑक्टोबरात आणि मेमध्ये दुपारनंतर सह्याद्रीवर ढग चढतात आणि संध्याकाळी कडाडत किनाऱ्याकडे येतात. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप ठेवा. गडगडाट ऐकू आला की पाण्यातून बाहेर, सुरूच्या झाडाखाली नव्हे तर पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच.

पुळणीवरची वीस मिनिटं

अंदाज खोल समुद्राचा असतो. आपल्या पायाशी काय आहे ते डोळ्यांनीच बघावं लागतं, आणि ते उंचावरून बघणं चांगलं. मंदिरामागच्या टेकडीभोवती प्रदक्षिणेची वाट आहे. तिच्यावरून जिथे पाणी दिसेल तिथे थांबा, शक्यतो सकाळी, कारण तेव्हा ऊन पाठीवर असतं.

संकष्टीला सकाळी आठ-नऊला ओहोटी असते, आणि हा नकाशा बघायची सर्वांत चांगली वेळ तीच. वाळूचे बांध उघडे पडतात किंवा त्यांच्यावर लाटा फुटताना दिसतात. दोन बांधांच्या मधून गडद पाण्याची पट्टी समुद्राकडे जाते. तिथे लाटा फुटत नाहीत. पाणी गुळगुळीत किंवा बारीक चुरगळल्यासारखं दिसतं, फेस आणि गढूळ वाळू त्या पट्टीतून आत जाताना दिसते. हाच रिप करंट. किनाऱ्यावर चढलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि ती वाट ही असते. लाट नाही म्हणून लोक मुलांना घेऊन नेमके इथेच उतरतात. खडकांच्या कडेला आणि ओढा-खाडीच्या तोंडाशीही अशीच ओढ असते. ती जागा एखाद्या झाडाच्या किंवा इमारतीच्या रेषेत लक्षात ठेवा. संध्याकाळी पाण्याखाली ती दिसणार नाही, पण असेल तिथेच.

मग खाली उतरून मोजा:

१. घड्याळ लावून लाटा मोजा. पहिली लाट फुटली की शून्य, तिच्यानंतरची दहावी फुटेपर्यंतच्या सेकंदांना दहाने भागा. १२ किंवा जास्त आलं तर लांब लाट आहे. पाच मिनिटं बघून निर्णय घेऊ नका, मोठ्या लाटांचा गट दहा-पंधरा मिनिटांनीही येतो.

२. पाण्याच्या काठावर उभे राहा. फुटणाऱ्या लाटेच्या माथ्याने क्षितिज झाकलं जात असेल तर लाट तुमच्या डोळ्यांच्या उंचीपेक्षा, म्हणजे साधारण दीड मीटरपेक्षा मोठी आहे.

३. घोटाभर पाण्यात स्थिर उभे राहून परत जाणाऱ्या पाण्याकडे लक्ष द्या. टाचांखालची वाळू एका लाटेत बोटभर सरकली तर ठीक. तळवा तिरका होऊन तोल जात असेल तर उतार तीव्र आहे आणि ओढ जास्त, तिथे पोरांचे हात सोडू नका.

४. सुरूची वाळकी काटकी पाण्यात टाका आणि ती कुठे जाते ते बघा. नैऋत्येच्या लाटेत ती उत्तरेकडे सरकेल, वायव्येच्या वाऱ्यात दक्षिणेकडे. आत उतरलेला माणूसही तसाच सरकतो आणि नकळत त्या गडद पट्टीत पोचतो. काठावर एक खूण धरा आणि दर पाच मिनिटांनी तिच्या समोर परत या.

यानंतर जीवरक्षक किंवा पुळणीवरचा दुकानदार 'आज नको' म्हणाला, तर वरचे सगळे आकडे चांगले असले तरी नको. त्याने आजचा खळगा बघितलेला असतो.

ओढीत सापडल्यास

रिप करंट माणसाला खाली नेत नाही, बाहेर नेतो. बुडतो तो माणूस दमल्यामुळे. त्याच्याविरुद्ध सरळ काठाकडे पोहणं पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जमत नाही. पाठीवर पडून तरंगा, तोंड वर, एक हात उंचावून ओरडा. जोर कमी झाला की किनाऱ्याला समांतर सरका आणि जिथे लाटा फुटताना दिसतात तिथून त्यांच्या धक्क्याने परत या. फुटणारी लाट म्हणजे खाली वाळूचा बांध आहे.

काठावरच्याने उडी मारू नये. वाचवायला गेलेलाही त्याच ओढीत सापडतो. रिकामा पाण्याचा कॅन झाकण घट्ट लावून फेका, दोरी, गाडीतलं टायर, जे तरंगेल ते. एकाने बोट दाखवत नजर त्या माणसावरच ठेवायची, दुसऱ्याने ११२ लावायचा, तटरक्षक दलासाठी १५५४, रुग्णवाहिकेला १०८. बाहेर काढलेला माणूस बोलत असला तरी खोकला किंवा धाप थांबत नसेल तर थेट रुग्णालयात न्या, छातीत गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देतं.

फळीवर लाट घेणाऱ्यांसाठी

सर्फिंग शिकायला गणपतीपुळ्याची तीव्र उताराची पुळण योग्य नाही, लाट काठाजवळ एकदम कोसळते. गोव्यातलं आश्वे किंवा मांद्रे, ऑक्टोबर ते मे, ही सपाट आणि सोसणारी जागा. नवख्याला अर्धा ते एक मीटर उंची, ८ ते ११ सेकंद, मतलई वारा अजून चालू असताना, म्हणजे उजाडल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंत, आणि भरती मध्यावर चढत असताना. फळीची दोरी घोट्याला बांधण्याआधी तिची गाठ आणि वेल्क्रो ओढून बघा. मिठाने आणि उन्हाने वेल्क्रोची पकड जाते, आणि सुटलेली फळी पुढच्या माणसाच्या डोक्यावर जाते.